सागाची सात पानं

मोघेकाका गेले तेव्हा आमचं बोलणं बंद होतं.

चूक माझी होती. आज त्यांच्या तेराव्याला जेवून आलो, आता सगळ्यांसमोर लिहून टाकतो.

ज्यांना काका माहीत नाहीत त्यांच्यासाठी : रांझीत राहायचे. सगळी नोकरी फॅक्टरीत काढली. रिटायर झाल्यावर घरामागच्या शेडमध्ये तांब्याच्या पत्र्यातून झाडं करायला लागले. जाळ्या, गेट, रेलिंग, सगळ्यांवर झाडंच.
त्यांच्या पळसाच्या पानावर बोट फिरवलं तर खरखर लागायची.

मी दोन वर्षांपूर्वी तिथे गेलो तो निधी नावाच्या मुलीसाठी. तिला द्यायला एक तांब्याचं पान बनवून द्या म्हणालो.

काकांनी चष्म्यावरून पाहिलं.
"प्रेम तू करून राहिला, अन् ठोकू मी काहून?"

हातोडी हातात दिली. पानाला अकरा दिवस लागले. निधीने घेतलं, थँक्यू म्हणाली, पुढच्या महिन्यात नोकरीला इंदूरला गेली. तिचं लास्ट सीन मी अजून पाहतो. हसायचं त्यांनी हसा.

मी शेडमध्येच राहिलो. पाचव्या सेमिस्टरला कॉलेज सोडलं. पप्पा काकांना जाऊन बरंच बोलले. काकांनी ऐकून घेतलं. मी बोलावलं नाही भैया, म्हणाले, पण हाकलणार पण नाही.

यंदाचं काम म्हणजे पुण्याहून बदलून आलेल्या एका बँकवाल्या मॅडमच्या व्हरांड्याची जाळी. त्यावर सागाची फांदी.

पावसाळा सरता सरता आपल्याकडे सागाची पानं किडे खातात. शिरा तेवढ्या उरतात, लेससारख्या. काकांना पानं तशीच हवी होती. बरगीच्या रस्त्यावरून गळलेली पानं आणायचे, पत्र्यावर ठेवून आखायचे, मग केसाएवढ्या करवतीने एकेक भोक.
एका पानाला तीन दिवस.

एकदा काका दवाखान्यात गेले होते. टेबलावरच्या एका पानाची मधली शीरच तुटलेली दिसली. मला वाटलं, हात थरथरला, करवत घसरली. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी पितळेची झाळ देऊन सगळं भरून टाकलं, घासून गुळगुळीत केलं.

काका आले. पान उजेडात धरलं. मग ड्रॉवरमधून वाळलेलं, झाडाचं असली पान काढून शेजारी ठेवलं.
त्याची शीर तिथेच तुटलेली होती.

"किड्याने खाल्लं होतं ते. तू भरून टाकलं."

इथे पाय धरायचे असतात. मी काय बोललो?

"किडा नाही काका, तुमचा हात आहे तो. हात चालत नाही म्हणून भोकांना डिझाइन म्हणून राहिले."

काकांनी झाळायच्या टॉर्चचा गॅस बंद केला. म्हणाले, "चलो, उद्या ये."

मी नाही गेलो. चार दिवस अकड दाखवत घरी बसलो.
पाचव्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला. हार्ट.

आज तेराव्याला मॅडमही आल्या होत्या. जेवणं झाल्यावर काकूंना हळूच म्हणाल्या की सातच पानं राहिलीत, ती लेझरवर कापून घेऊ या, सगळी अगदी सारखी येतील.

सारखी येतील, तेच तर.

मी मध्येच बोललो. जाळी शेडमधून हलणार नाही, सातही पानं मी करणार.

"तुला जमेल?" मॅडम.

"पहिली दोन-तीन बिघडतील. थांबावं लागेल तुम्हाला."

मॅडमनी काकूंकडे पाहिलं. काकू ताट उचलता उचलता म्हणाल्या, "डोकं गरम आहे याचं. पण कोणाचं ऐकते हा? करू द्या."

दिवाळीपर्यंतची मुदत मिळाली आहे.

तर मंडळी, पुढचा महिनाभर मला फोन करू नका. उद्या सकाळी बरगीच्या रस्त्याला जाऊन राहिलो, पानं आणायला. पप्पांनी गाडी दिली तर गाडीने, नाही तर बसने.

काका, तुमचा हात शेवटपर्यंत चालत होता. हे तुमच्या तोंडावर सांगायला हवं होतं. राहून गेलं.

पानं पुरी करतो.

या रागीट पोराचा तुम्हाला शेवटचा नमस्कार.