चित्रकलेचा वर्ग आणि पाण्याची वेळ

दोन आठवड्यांपूर्वीचा मंगळवार. लालबागमधल्या एका महापालिका शाळेत, संध्याकाळी साडेपाच वाजता, वर्गात आम्ही दोघंच होतो… मी आणि पंखा.

मी चित्रकलेची शिक्षिका. दादरच्या शाळेतून रिटायर झाले आणि घरी बसून नवऱ्याचं डोकं खाण्यापेक्षा महापालिकेच्या नव्या योजनेत नाव दिलं. दर मंगळवारी शाळा सुटल्यावर आजूबाजूच्या मुलांसाठी मोफत चित्रकला वर्ग, कागद-रंग-ब्रश सगळं योजनेतूनच. चित्रकला म्हणजे क्लासची फी परवडणाऱ्यांची चैन, असं वर्षानुवर्षं ओरडत आले होते ना मी… तर आता दार उघडलं होतं.

तीस नावं आली. पहिल्या मंगळवारी वर्ग गच्च, दुसऱ्याला नऊ, तिसऱ्याला चार आणि आता हा पंखा! वरून योजनेच्या ऑफिसचं पत्र, की महिनाअखेरपर्यंत निम्मी हजेरी दिसली नाही तर वर्ग इथून हलवू.

माझं डोकंच फिरलं. ‘फुकट मिळालं की किंमत राहत नाही लोकांना,’ असं मी शाळेचे शिपाई तावडेकाका यांना चांगलं मोठ्याने सुनावलं. ते बिचारे खिडक्या लावत राहिले.

खरा राग होता तो सायलीवर. आठवीतली पोरगी, पण हात असा की मलाच हेवा वाटावा. तिच्या शाळेत दोन वर्षं चित्रकलेला शिक्षकच नाही, म्हणून पहिल्याच दिवशी माझ्या मागे लागली होती… ‘टीचर, मला एलिमेंटरीला बसायचंय.’ तिचा परीक्षेचा फॉर्म आमच्या वर्गातूनच जाणार होता. वर्ग गेला की परीक्षाही गेली. आणि बाईसाहेब गायब!

पहिल्या दिवशी मी सगळ्यांना आठवणीतून एक चित्र काढायला सांगितलं होतं. सायलीने चाळीची गॅलरी काढली. बादल्या आणि पिंपांची लांबलचक रांग, बायकापोरं आणि भिंतीवर हे एवढं मोठं घड्याळ. मी खाली पेन्सिलने लिहिलं, ‘रांग छान. घड्याळ लहान हवं,’ आणि चित्र फळ्याशेजारी लावून टाकलं.

तर तणतणत निघाले तिच्या चाळीत. म्हटलं, आज हिला आणि हिच्या आईला अशी झापते…

तिसरा मजला चढून गेले, तर माझा निम्मा वर्ग गॅलरीत! कोणाच्या हातात पाइप, कोणाच्या हातात कळशी. सायली पिंपावर ओणवी, ड्रेस चिंब. ‘टीचर, सरका ना, पाणी चाललंय!’ एवढंच म्हणाली.

पाणी साडेपाचला येतं, साडेसहाला जातं. तिची आई परळच्या हॉस्पिटलात आया आहे, घरी यायला सात वाजतात. पहिल्या दिवशी पोरांची नावं घालायची म्हणून घरोघरच्या बायका रजा टाकून पाण्याला थांबल्या होत्या, पण दर मंगळवारी रजा कोण देणार? शेजारच्या म्हातारीने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, ‘पाणी गेलां तर काय चित्रां पिवची?’

मी तिथेच एका पालथ्या बादलीवर बसले. खूप लाज वाटली हो… कारण मी बाहेरची नाही. लग्नापर्यंत ह्याच लालबागमध्ये, दोन गल्ल्या पलीकडे वाढले. परीक्षा असो की पाहुणे, पाणी आलं की आमच्याकडे पुस्तक मिटायचं. मग दादरच्या बिल्डिंगमध्ये गेले, गच्चीवर टाकी, नळ फिरवला की पाणी… आणि सगळं साफ विसरले.

परत येऊन तावडेकाकांवरच उखडले. माहीत होतं तर बोलला का नाहीत? ते शांतपणे म्हणाले, ‘मला वाटलं तुम्हाला म्हाईत असणार. तुम्ही इथल्याच ना, टीचर?’

घ्या! कप्पाळ माझं!

दुसऱ्या दिवशी सायलीचं चित्र घेऊन थेट ऑफिस गाठलं. तिथल्या मॅडम म्हणाल्या, वेळ परिपत्रकात ठरलेली आहे, सगळ्या शाळांना एकच. मी म्हटलं, ‘मॅडम, योजना चांगली आहे म्हणूनच भांडायला आलेय. वाईट असती तर घरी झोपले असते.’ आणि चित्र टेबलावर ठेवलं.

त्यांनी चित्र जवळ ओढलं. मग त्या घड्याळावर बोट ठेवून म्हणाल्या, ‘पावणेसहा वाजलेत की हो ह्यात.’

मी वाकून बघितलं… खरंच, पावणेसहा. तीन मंगळवार त्याच चित्राजवळ उभी राहून मी मुलांना मापं शिकवत होते. आणि ही पोरगी मला पहिल्याच दिवशी सगळं सांगून बसली होती.

मॅडमनी आमच्या वर्गाची वेळ बदलून दिली, सात ते साडेआठ. तावडेकाका म्हणाले, थांबतो मी, घरी जाऊन तरी सीरियलच बघायचीय. आणि एक गोष्ट मॅडमनी आपणहून केली. पुढच्या वर्गांसाठी प्रवेशअर्जाचा मसुदा समोर होता, त्यात पेनाने एक ओळ वाढवली… ‘तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं?’ ती ओळ छापून येईल का, ठाऊक नाही. पण सरकारी अर्जात इतका शहाणा प्रश्न मी तरी आजवर वाचलेला नाही.

परवा मंगळवारी, सात वाजता, सव्वीस पोरं! ‘ओले हात कागदाला लावू नका’ असं ओरडून ओरडून माझा घसा बसला. सायलीची आई हॉस्पिटलातून परस्पर आली, परीक्षेच्या फॉर्मवर सही केली आणि मागच्या बाकावर बसून लेकीचा चालणारा हात बघत राहिली.

सगळे गेल्यावर मी चित्राखालची माझी टीप खोडरबरने पुसली. घड्याळ बरोबर होतं गं, पोरी… चुकले होते ती मी.