हवालदाराचं जेवण गुलाबाला

टेबलावरून उतरताना हवालदार बिचकला, मग उडी मारली आणि थेट वजनकाट्यावर आपटला. एरवी हा बोका क्लिनिकमध्ये आला की माझ्या कपाटावर जाऊन बसायचा, त्याला खाली काढताना नाकी नऊ यायचे. आज त्याला समोरचा काटा दिसला नाही.

"हल्ली असंच करतो, मॅडम," नाईक सर म्हणाले. "राउंडही बंद. आम्हाला वाटलं, वय झालं."

मनवेलपाड्यातल्या त्यांच्या बिल्डिंगचे चारही मजले तो रोज सकाळी तपासून यायचा, म्हणून नाव हवालदार. वय जेमतेम सात. सात म्हणजे काही म्हातारपण नाही.

डोळ्यांवर टॉर्च मारला. उजेडात बाहुली बारीक व्हायला हवी, याची मोठीच्या मोठी राहिली. छातीला स्टेथो लावला तर ठोके धड नव्हते. इको करून आणायला सांगितलं. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. रिपोर्ट आला, हृदय इलॅस्टिक गेलेल्या पायजम्यासारखं सैल पडलेलं.

मांजरात असं दिसलं की पहिला संशय टॉरिनवर. टॉरिन म्हणजे हृदयाला आणि डोळ्यांना लागणारा एक घटक. मांजराला तो स्वतःच्या शरीरात पुरेसा बनवता येत नाही, मांस-मासळीतूनच मिळवावा लागतो. कुत्रं एक वेळ वरणभातावर दिवस काढेल. मांजर नाही काढू शकत.

"सर, खायला काय घालता?"

"मासे. तुम्हाला विचारूनच सुरू केलं होतं."

खरं होतं. सर भूगोलाचे रिटायर्ड शिक्षक, घरात ओला-सुका कचरा वेगळा करण्यावरून बायकोशी भांडणारे. वर्षभरापूर्वी त्यांचा फोन आला होता. "मॅडम, मांजराच्या पाकिटासाठी कुठल्या तरी समुद्रात मासे पकडायचे, कारखान्यात शिजवायचे, प्लास्टिकमध्ये भरायचे आणि शेवटी ते प्लास्टिक आपल्याच नाल्यात. एका बोक्यापायी एवढा पसारा? घरचं दिलं तर चालेल?" तेव्हा टेबलावर ओकणारा लॅब्राडोर होता. "चालेल, चालेल," म्हणून मी फोन ठेवला. काय देणार, कसं देणार, एका शब्दानं विचारलं नाही.

पण मासे खाणाऱ्या मांजराला टॉरिन कमी पडावं? माझं डोकं चालेना. शेवटी सरांच्या बायकोला, काकूंना फोन लावला.

"काकू, मासे शिजवता कसे?"

"तुकडा घालते आणि भरपूर पाणी. कुकरला तीन शिट्ट्या. मग पाणी ओतून टाकते, वास मारतो ना. उरलेलं भातात कालवते. भात जास्त, मासा थोडा. सरांचं म्हणणं, समुद्रावर भार नको."

"आणि पाणी कुठे ओतता?"

उत्तर समोर बसलेल्या सरांनी दिलं, तेही कौतुकानं. "वाया नाही घालवत हो. गार करून गुलाबाला." मोबाइलवर फोटो दाखवला. वाटीएवढा गुलाब, कुंडीत एक नाही, पाच.

टॉरिन पाण्यात विरघळतं. माशातलं बरंचसं त्या पाण्यात उतरत होतं आणि ते रोज गॅलरीत जात होतं.

"सर, तुमच्या गुलाबाचं हृदय ठणठणीत असणार," मी बोलून गेले. जिभेला हाड नाही, दुसरं काय.

सरांनी मोबाइल खाली ठेवला. "म्हणजे मीच त्याला उपाशी मारत होतो."

"एकटे तुम्ही नाही. मीपण विचारलं नव्हतं."

टॉरिनची पावडर, हृदयाच्या गोळ्या सुरू केल्या. स्पष्ट सांगितलं, हृदय भरून येऊ शकतं, पण डोळ्यांचं जे गेलं ते परत येणार नाही. किती गेलंय, ते आज सांगता येत नाही.

"आता परत पाकिटं?" सरांनी विचारलं. आवाज पार पडलेला.

"मुळीच नाही. चिकनवाल्याकडे दिल मागा."

कोंबडीचं हृदय. त्यात टॉरिन भरपूर, आणि गिऱ्हाईक कमी. शिवाय मासळीवाल्या मावशींकडून कापून उरलेली डोकी घ्यायची, शिजवून काटे काढायचे आणि पाण्यासकट द्यायची. कोंबडी आणि मासा माणसांसाठी कापले जाणारच होते. हवालदारासाठी वेगळं काही मारायला नको, नाल्यात प्लास्टिक नको. प्रमाण आणि पावडर किती, ते या वेळी कागदावर लिहून दिलं.

काकूंनी मावशींना सगळी कथा सांगितली. मावशी म्हणाल्या, "ते पानी का ग टाकत होतीस, बाय? सगला कस त्यातच." पाच वर्षं कॉलेजात घालवून मी जे शिकले, ते ह्या बाईला टोपलीमागे बसून ठाऊक होतं.

दोन महिन्यांनी इको केला. हृदय आकसून बरंच जाग्यावर आलं होतं. मला इतकं हायसं वाटलं की पुढच्या पेशंटच्या मालकाला मी उगाच चहा पाजला. डोळ्यांचं मात्र कळेना. हवालदार टेबलावर नुसता बसून होता.

मग एका रविवारी सकाळी सरांचा फोन.

"मॅडम, हवालदारानं गुलाबाची कुंडी पाडली."

"धडकला?"

"नाही हो. ग्रिलबाहेर कबुतर बसलं होतं. इकडून तिकडे झेप घेतली."

"म्हणजे त्याला दिसलं?"

"दिसलं, मॅडम."

"आणि गुलाब?" मी विचारलं.

"कंपोस्टवर जगेल. नाही जगला तर नाही."

आमच्या केसपेपरवर 'आहार' म्हणून एक रकाना असतो. मालक त्यात 'घरचे जेवण' लिहितात आणि आम्ही पुढे जातो. आता मी त्याखाली पेनानं आणखी एक प्रश्न लिहिते: पाणी कुठे जातं?