नळाची वेळ

अमरावतीच्या आमच्या स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत माझ्यासमोर दर्यापूरकडची एक मुलगी बसायची. तिचं मला काहीच आवडत नसे. उत्तर लिहायच्या सरावात प्रश्न वाचला की ती पेन खाली ठेवायची, डोळे मिटायची आणि अंगठ्यानं बोटांची पेरं चाचपत बसायची. तोवर माझं अर्धं पान भरलेलं असे.

रविवारी आम्ही आपापली उत्तरं मोठ्यानं वाचत असू. त्या रविवारी प्रश्न होता ग्रामीण पाणीपुरवठ्याचा. उत्तर भारदस्त दिसावं म्हणून मी दोन समित्या, एक अहवाल आणि स्केचपेननं काढलेली आकृती असं सगळं कोंबलं होतं. तिच्याकडे एकच उदाहरण होतं. गावात घरोघरी नळ आले, पण पाणी सुटतं सकाळी उशिरा, बाया निंदणीला शेतात गेल्यावर. मग पाणी भरायला मुली शाळा बुडवतात.

सगळ्यांनी ते उदाहरण आपापल्या वहीत उतरवून घेतलं. नंतर माझ्या आकृतीकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

"कोणत्या पुस्तकातून उचललं हे?" मी खोचकपणे विचारलं.

"पुस्तकातून काहून?" ती म्हणाली. "पाणी भराले मीच रायत होती ना घरी."

खरं तर मला वाईट वाटायला हवं होतं. वाटला तो हेवा.

घरी आलो तर आई भांडी घासत होती आणि नळ धो धो वाहत होता. "बंद कर तो नळ!" मी तिच्यावर खेकसलो. पाण्यासाठी मला एकदाही शाळा बुडवावी लागली नव्हती, त्याचा तो राग होता.