त्र्याहत्तर दशलक्षांच्या पुढचा एक आकडा

आकड्याच्या प्रेमात पडलेला माणूस साऱ्या नाशकात एकच, आणि तो नेमका आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. एक आणि स्वतः सोडून जिला कशानेही भाग जात नाही, अशी मूळ संख्या दिसली की बँकेतून निवृत्त झालेले हे काका लग्नघरासारखे उजळतात. लग्नात पाचशे एकाचा आहेर देत नाहीत, पाचशे तीनचा देतात. "पाचशे एकला तीनने भाग जातो. संसारात पहिल्याच दिवशी तिसरा कशाला?" आपल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरचा पंधरा आकडा त्यांना नाशिकचा अपमान वाटतो. मालेगावच्या गाड्यांना एक्केचाळीस मिळाला म्हणून त्यांनी स्कूटर जुनी, पण मालेगावची घेतली! ती रोज बंद पडते, ते ढकलतात, पण ताठ मानेने.

त्यांचा लाडका आकडा मात्र ७३९३९१३३. एकदा मिसळ खाताना त्यांनी तो तर्रीत बोट बुडवून टेबलावरच लिहिला आणि मला ओरडून सांगितलं, "ही मूळ संख्या. आता शेवटचा तीन पुसला, तरी मूळच! पुन्हा पुसला, तरी मूळच!" वेटर फडकं घेऊन आला, तर त्याच्यावरच खेकसले, "थांब रे, अजून त्र्याहत्तर राहिलाय!" सातापर्यंत पुसून झाल्यावर त्यांचे डोळे भरून आले होते. तर्री तिखट होती, पण तेवढ्यामुळे नव्हे.

मग त्यांना ध्यास लागला, शेवटी आणखी एक आकडा लावून ही संख्या वाढवायचीच, आणि तीही मूळच राहिली पाहिजे. सम आकडे आणि पाच तर आधीच बाद. एक आणि सात लावून पाहिले, तर तीननेच भाग गेला. तीन लावला, तो काही महिने भागत बसल्यावर पडला. उरला नऊ. कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, ही शपथ. लग्नपत्रिकांच्या पाठीवर एकेका मूळ संख्येने भागत बसायचं आणि संध्याकाळी गॅलरीतून आरोळी ठोकायची, "अजून टिकलाय!" सगळी सोसायटी त्या आरोळीवर दिवे लावायची.

मी मोबाईलवर शोधलं, तर ७३९३९१३३च्या पुढे असा आकडाच नाही, हे जगाला केव्हाच ठाऊक होतं. सांगायला वर गेलो, तर काकूंनी दारातच अडवलं. "मुलाने मला केव्हाच सांगितलंय. त्यांना बोलू नकोस हं. संध्याकाळी किती आनंदात असतात!"

गेल्या रविवारी आरोळी आली नाही. मी धावत वर गेलो. काका पेनला टोपण लावून बसले होते. "गेला रे भाग. बाकी शून्य." एवढ्या मोठ्या माणसाची समजूत कशी घालायची?

काकूंनी चहा ठेवला. एवढ्या वर्षांच्या संसारात आकड्यांचा विषय निघाला की ज्या हटकून स्वयंपाकघरात जायच्या, त्या चक्क शेजारी खुर्ची ओढून बसल्या.

"अहो, दुसरा एखादा नाही का, ह्याच्याहून मोठा? मला सांगा ना, नीट समजावून."

काका त्यांच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी टोपण काढलं आणि एका पत्रिकेच्या पाठीवर काकूंसाठी अगदी पहिल्या मूळ संख्येपासून सुरुवात केली: दोन.