सगळं हिरवं पाहिजे

हिरवे सर माणसाच्या तोंडाकडे बघत नसत. समोर कुणी हसो, रडो, त्यांची नजर पडद्यावर. एकदा आमच्या वर्गातली वैशाली पर्युषणाचा उपवास धरून प्रॅक्टिकलला बसली आणि घेरी येऊन खुर्चीवरून खाली घसरली. आम्ही तिला आडवं केलं, कुणी पाणी आणलं, कुणी वहीनं वारा घातला. सर शांतपणे तिच्या कम्प्युटरपाशी गेले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "सेव्ह केलं न्हाय हिनं. पहिलं सेव्ह करा कुणीतरी." मग त्यांनीच सेव्ह केलं आणि समाधानानं आपल्या जागेवर जाऊन बसले.

त्यांचं खरं आडनाव वेगळं होतं. 'हिरवे' हे आम्ही दिलेलं. आमच्या प्रोग्रॅममध्ये रुग्णाच्या माहितीचे रकाने रिकामे असले की तांबडे दिसत आणि भरले की हिरवे होत. सरांना तांबडं बघवत नसे. वर्गात शिरल्या शिरल्या त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "सगळं हिरवं पाहिजे. एक रकाना मोकळा दिसला तर घरी जायचं न्हाय." रकान्यात काय भरलंय हे त्यांनी वाचलेलं मला आठवत नाही. एका मुलीनं गंमत म्हणून पत्त्याच्या जागी 'एक मिसळ, जादा कट' असं लिहिलं. रकाना हिरवा झाला. सरांनी मान डोलावली आणि पुढच्या खुर्चीकडे गेले.

आमचं कम्युनिटी कॉलेज राजारामपुरीत एका फरसाणाच्या दुकानावर होतं. बी.एस्सी.त माझं काही जमलं नाही, म्हणून मी तिथं 'हेल्थ इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी' असं लांबलचक नाव असलेल्या पदविकेला बसले. गडमुडशिंगीत आमच्या गल्लीत ते नाव कुणाच्या जिभेवर बसेना. "म्हंजी नर्स व्हणार व्हय?" असं जो तो विचारायचा. आई मात्र ताठ मानेनं सांगायची, "न्हाय, दवाखान्यातल्या कम्प्युटरचं शिकालीया. त्यात सगळ्यांचं समदं लिवल्यालं असतंय." आईला कम्प्युटरबद्दल देवाइतका आदर. तो तिला पुढं फार महागात पडणार होता.

विषय खरं तर चांगला होता, अजूनही मला तो आवडतो. माणसाला काय झालं होतं, कुठलं औषध लागू पडलं, कुठलं सोसलं नाही, हे नीट टिपून ठेवायचं, म्हणजे तो बेशुद्ध पडला तरी त्याची माहिती डॉक्टरच्या हाताशी असते. इतकी साधी आणि इतकी मोठी गोष्ट. ती शिकवायला देवानं हिरवे सर पाठवले, याबद्दल मी देवाला अजून माफ केलेलं नाही.

सर दर आठवड्याला एकदा तरी पुण्याची गोष्ट सांगत. "पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलात सिस्टीम मी बसीवली. मी म्हंजी मी." ही गोष्ट सांगताना ते ब्लेझरची कॉलर झटकत. तो ब्लेझर ते भर उन्हाळ्यातही घालत, आणि घामानं पाठ भिजली की पंख्याखाली उभं राहून शिकवत. एका कार्यक्रमाला त्यांचा पुण्यातला जुना सहकारी आला. त्यानं भाबडेपणानं सांगून टाकलं की, सर तिथं प्रिंटरात कागद भरायला होते आणि ते काम मात्र फार मन लावून करायचे. आम्ही बाकाखाली तोंडं लपवून हसलो. सर अजिबात हलले नाहीत. "कागदाबिगर सिस्टीम चालती व्हय?" म्हणाले.

सरावासाठी खोटे रुग्ण तयार करावे लागत. सरांनी त्यासाठी आपलं अख्खं घराणं वापरलं होतं. सगळे मोठे आजार सासऱ्यांना. त्या बिचाऱ्यांचं अपेंडिक्स कितीदा काढलं याला गणती नव्हती, आणि एका मुलीनं सर बघत असताना त्यांना बाळंतही केलं. रकाना हिरवा झाला. खरेखुरे सासरे एकदा डबा द्यायला कॉलेजात आले, चांगले धट्टेकट्टे, धोतरातले. त्यांना जिवंत बघून आमच्यातल्या दोघीतिघींना रडू यायचं तेवढं बाकी राहिलं.

खंडेनवमीला सर लॅबमध्ये पूजा मांडत. पूजेला माझी ना नाही, आमच्या घरी ट्रॅक्टरलाही हार घालतात. पण सरांनी हळदकुंकू वाहिलं ते थेट बटणांवर आणि नारळ फोडला तो मुख्य मशीनच्या डोक्यावर. पाणी आत गेलं. आतून चटचट आवाज आला आणि लॅब अंधारली. दिवाळीपर्यंत आम्ही वहीत चौकोन काढून कम्प्युटर शिकलो. प्राचार्यांना सरांनी सांगितलं, "व्हायरस आलाय. लई बेक्कार व्हायरस." त्या व्हायरसला खोबऱ्याचा वास येत होता.

इथवर मी सरांवर हसतच होते. अशी माणसं सगळीकडे असतात, त्यांच्यावर हसून आपण पुढं जातो. माझं हसू थांबलं ते एका रकान्यापाशी.

तो रकाना ॲलर्जीचा होता. त्यात तीन पर्याय होते: 'आहे', 'नाही' आणि 'माहीत नाही'. पहिले दोन निवडले की रकाना हिरवा होई. तिसरा निवडला तर तांबडाच राही, म्हणजे पुढच्या माणसानं बघावं आणि रुग्णाला विचारावं. सरांनी तो तिसरा पर्याय वापरायलाच बंदी घातली. "जुन्या कागदावर काय लिवलं नसंल तर 'न्हाय' दाबायचं," असा त्यांचा हुकूम. वैशाली कुरुंदवाडची, बोलायला कुणाच्या बापाला भ्यायची नाही. ती म्हणाली, "सर, विचारलंच नाही आणि त्रास नाही, ह्या दोन येगळ्या गोष्टी हायत की. मग तिसरं कशाला दिलंय?"

"त्ये शोभेला दिलंय," सर पडद्याकडे बघत म्हणाले. "तू डॉक्टर हायस व्हय? दाब 'न्हाय'."

दुसरा हुकूम लग्न झालेल्या बायकांबद्दलचा. नाव टाकलं की प्रोग्रॅम विचारायचा, 'या रुग्णाची जुनी फाईल आहे का?' ती शोधायला वेळ लागतो. सरांनी तोड काढली, "बाईचं नाव बदललं की ती नवीन पेशंट. जुनं उकरत बसायचं न्हाय." आता आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. पोर लहान असताना ज्या दवाखान्यात तापाला, खोकल्याला नेलेली असते, तिथंच ती पोटुशी होऊन परत येते. लहानपणचं सगळं बापाच्या नावावर आणि हातातलं कार्ड नवऱ्याच्या नावाचं. जुनी फाईल बघायची सगळ्यात जास्त गरज जिला, तिचीच फाईल बघायची नाही, असा तो हुकूम होता.

शेवटच्या सत्रात आम्हाला शहरातल्या एका धर्मादाय दवाखान्यात प्रशिक्षणाला पाठवलं. मी वरच्या मजल्यावर जुन्या फायली कम्प्युटरमध्ये चढवत असे. त्याच दिवसांत माझी मोठी बहीण, अक्का, बाळंतपणासाठी नेसरीहून घरी आली होती. एका सकाळी तिला कळा सुरू झाल्या आणि आई तिला रिक्षात घालून त्याच दवाखान्यात घेऊन आली. त्याच सकाळी दवाखान्याचे विश्वस्त नवी सिस्टीम बघायला आले होते आणि ती चालवून दाखवायला खालच्या खिडकीवर खुद्द हिरवे सर बसले होते, ब्लेझर घालून.

खाली काय झालं ते आईनं मला नंतर सांगितलं. सरांनी अक्काचं कार्ड घेतलं, नवीन पेशंट केला. आई म्हणाली, "सायेब, हिला एक इंजिक्शन सोसत न्हाय. लहानपणी हितंच झालतं, सगळं अंग सुजलंतं. त्याचं नाव मला यीना, पर हितं लिवल्यालं असंल बघा."

सरांनी मान वर केली नाही. विश्वस्तांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मावशी, काळजी करायची न्हाय. कम्प्युटरला सगळं म्हाईत असतंय." आणि 'नाही' दाबलं.

नर्सनं प्रतिजैविकाचं इंजेक्शन देण्याआधी पडदा बघितला, आईलाही विचारलं, "काय त्रास न्हाय न्हवं हिला?" आणि माझी आई, जी भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या काडीवरून भांडते, ती इथं भांडली नाही. म्हणाली, "कम्प्युटरला म्हाईत हाय म्हणं."

नशीब की नर्स पद्धतीनं वागणारी होती. तिनं आधी कातडीखाली टेस्ट डोस दिला आणि थांबली. मी आरडाओरडा ऐकून खाली धावले, तेव्हा अक्काच्या अंगावर गांधी उठल्या होत्या, ओठ सुजले होते आणि ती श्वासासाठी तोंड उघडत होती. डॉक्टर, सलाईन, ऑक्सिजन, सगळी धावपळ. आई भिंतीला टेकून खाली बसली होती. "मी सांगिटलं हुतं की गं त्यास्नी," एवढंच ती म्हणत होती. "मग मला वाटलं, त्याला माझ्यापरीस जास्त कळत असंल."

संध्याकाळी अक्काला मुलगी झाली. दोघी धड राहिल्या. पण त्याआधी, अक्का आत असताना, मी खिडकीवर गेले आणि सरांच्या समोर उभी राहून ओरडले. काय काय बोलले ते आठवत नाही. त्यांनी खुर्ची मागं सरकवली, पडदा माझ्याकडं वळवला आणि बोटानं दाखवलं. "हे बघ. वरपास्नं खालपतोर सगळं हिरवं हाय. आपल्याकडनं काय चूक न्हाय." मग जरा दबक्या आवाजात, "तुजी भन हाय व्हय ती? आधी सांगायचं न्हाय?"

या दुसऱ्या वाक्यानं माझ्या डोक्यात जी आग गेली ती अजून तिथंच आहे. म्हणजे माझी बहीण आहे हे कळलं असतं तर विचारलं असतं. दुसऱ्या कुणाची असेल तर दाबा 'नाही'. जुनी फाईल मी त्याच दुपारी काढली. बापाच्या नावावर, वरच्या कोपऱ्यात, कुण्या जुन्या डॉक्टरनं तांबड्या शाईत औषधाचं नाव लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. मी ती सरांपुढं ठेवली. त्यांनी ती उघडली नाही.

सरांना काही झालं नाही. तक्रार केली, तिचं काय झालं कळलं नाही. मी पदविका घेतली. प्रमाणपत्रावर सही करतानाही त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, मी त्यांच्याकडे बघितलं आणि मनात एक शिवी दिली. नंतर कळलं, कॉलेज बंद पडलं.

आता मी दुसऱ्या एका रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीवर आहे. माझी रांग सगळ्यात हळू सरकते, यावरून मला बोलणी बसतात. मी प्रत्येकाला तोंडाकडं बघून विचारते, कुठलं औषध सोसत नाही, लहानपणी काय झालं होतं, माहेरचं नाव काय. ठाऊक नसेल तर रकाना तांबडा ठेवते. गेल्या पावसाळ्यात मान वर केली तर समोर हिरवे सर. ब्लेझर नव्हता. गाडी घसरून पायाला मोठी जखम झालेली, तापानं तोंड उतरलेलं, सोबत बायको. त्यांनी मला ओळखलं नाही, ओळखणार कसे?

मी विचारलं, "कुठलं औषध, इंजेक्शन सोसत नाही?"

"न्हाय टाका की," सर सवयीनं म्हणाले.

"टाकणार नाही. आठवून सांगा."

"बारका असताना कसल्यातरी इंजिक्शनानं हिरवा... न्हवं, निळा पडलोतो म्हणं." ते बायकोकडे वळले. तिनं मान हलवली, लग्नाआधीचं तिला काय ठाऊक. सर परत खिडकीकडे वळले. मग म्हणाले, "आईला म्हाईत हुतं. ती गेली की."

मी 'माहीत नाही' निवडलं. रकाना तांबडाच राहिला. सर खिडकीतून वाकून त्याच्याकडे बघत होते आणि मी हट्टानं त्यांच्या तोंडाकडे. इतका घाबरलेला माणूस मी त्या खिडकीवर फारसा बघितलेला नाही. मला त्यांची दया आली आणि दया आल्याचा रागही आला. खुर्चीवरून उठून मी आत गेले आणि ड्रेसिंग करणाऱ्या नर्सला तोंडानं सांगितलं, की ह्यांना लहानपणी कशाचा तरी मोठा त्रास झालाय, नाव माहीत नाही, जपून.

परत आले तर सर अजून तिथंच, खिडकीचे गज धरून.

"सांगिटलं न्हवं तिला?" ते म्हणाले. पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघत. "नुसतं कम्प्युटरात लिवून भागत न्हाय, बाई."