वाऱ्यातलं मीठ

समजा, तुम्हाला वारा धुवायचा आहे. स्वच्छ फडकं भिजवून बांबूला टांगा. समुद्राचा वारा त्यावरून जाऊ द्या. मग ते शुद्ध पाण्यात पिळा आणि त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब सोडा. पाणी दुधाळ झालं, तर वाऱ्यात मीठ होतं. किती दुधाळ झालं, त्यावरून मीठ किती होतं तेही काढा.

समुद्रकाठच्या राजिवड्याचा मजीद १९३४ साली हेच करत होता. मासेमारीची होडी चालवणाऱ्या तांडेलाचा मुलगा, मुंबईत रसायनशास्त्र शिकलेला, शाळेत मास्तर. त्या सिल्व्हर नायट्रेटने त्याची बोटं काळी पडलेली असत. लग्नाचं बोलायला आलेल्या पाहुण्यांनी विचारलंच, "नवरा कोळसा विकतो काय?"

बंगळूरच्या एका प्राध्यापकांनी त्याला कळवलं होतं, समुद्रापासून आत जाताना हवेतलं मीठ कसं कमी होतं त्याचे आकडे पाठवा. पटले तर संशोधनाची जागा देतो. टपाल बोटीने जायचं आणि पावसाळ्यात बोटी बंद, म्हणजे शेवटची बोट गाठायला हवी. मजीद रोज दुपारी अंगणात फडकं टांगायचा, सुट्टीला मोटारीने समुद्रापासून आत पालीला जाऊन तिथे टांगायचा. घरी मीठ भरपूर, पालीला जेमतेम. आकडे इतके देखणे, की त्याला एका जागी बसवेना.

"बंगळूरला मासळी मिळते काय रे?" आई, कुलसुम, विचारायची.

एक खात्री करायची राहिली होती. पहाटे जमिनीकडून मतलई वारा येतो, त्यात मीठ फारसं नसावं. फडकं टांगलं, पिळलं. पाणी दुपारइतकंच दुधाळ! बाटली बदलली, फडकं बदललं. तेच. तो अंगणात फेऱ्या घालू लागला, आणि कुंपणाशी थबकला. कुलसुम मीठ लावलेले बांगडे उलटत होती. प्रत्येक बांगडा दोनदा झटकायची. पांढरी धूळ उडायची.

"अम्मा, हे रोज करतेस? दुपारीही?"

"नाही, ईदेला! रोज नाही तर खाशील काय, तुझं फडकं?"

"माझं सगळं मीठ तुझ्या बांगड्यांचं निघालं गं."

"मग तसं लिही. लाज कसली?"

बांगडे बघायला बंगळूरहून कोण येणार होतं? मजीद बंदरावर येरझाऱ्या घालत राहिला. बोट लागली, तेव्हा त्याने घरचे सगळे आकडे खोडले, शेजारी कारण लिहिलं आणि पाकीट टपालात दिलं. जागा दुसऱ्याला मिळाली.

पुढच्या हिवाळ्यात त्याने बांबू गावामागच्या सड्यावर, उघड्या कातळाच्या माळावर रोवला. तिथे घर नाही, मासळी नाही, लाटेचा शिंतोडा नाही. दुपारचे आकडे आता नीट येतात. पण पहाटे मतलई वाऱ्यातही पाणी किंचित दुधाळ होतंच, आणि शाळेत फळ्यासमोर उभा असतानाही त्याचं चित्त तिथेच असतं. काल समुद्रावरून आत गेलेलं मीठच पहाटे परत येतं, की घाटापलीकडूनही काही येतं?