परवान्याआधीची रंगीत तालीम

लग्न करून नागपूरहून हाउन्सलोला आले, तेव्हा नवरा सकाळी बेसिंगस्टोकला ऑफिसला जायचा आणि मी खिडकीत बसून विमानांची पोटं बघायचे. विमानं संपत नसत, पण माझा धीर संपला. मी स्लाऊला एका छोट्या ऑफिसात नोकरी धरली. खाली टायरचं दुकान, वर आम्ही. आमचा धंदा माणसं पुरवायचा. कोथिंबीर, मेथी, पालक धुऊन पाकिटात भरणाऱ्या कारखान्याला कामगार लागत. ते काम करायचे त्यांच्याकडे, पगार घ्यायचे आमच्याकडून आणि भांडायचे माझ्याशी.

मालक जालंधरचे होते, साठीच्या पुढचे. आम्ही सगळे त्यांना अंकलजी म्हणायचो. माणूस सरळ, पण सरकारी पाकीट आलं की त्यांचा आवाज निम्म्यावर यायचा.

दोन हजार सहाच्या सुमाराला तसंच एक पाकीट आलं. त्याआधी उत्तरेकडच्या एका समुद्रकिनाऱ्यावर शिंपले वेचणारे बरेच मजूर रात्रीच्या भरतीत बुडून मेले होते. त्यांना तिथं नेणाऱ्यांनी त्यांची काहीच काळजी घेतली नव्हती. म्हणून नवा कायदा झाला. आता शेतीला आणि खाण्याच्या वस्तूंच्या कामाला माणसं पुरवणाऱ्या प्रत्येकानं परवाना घ्यायचा, आणि परवान्याआधी इन्स्पेक्टर येऊन तपासणी करणार. कायदा अगदी योग्य होता. पंचाईत एवढीच, की त्या कायद्यात आमच्यासारख्यांना ‘गँगमास्टर’ म्हटलं होतं.

मी उत्साहानं नागपूरला फोन केला. बाबा म्हणाले, “म्हणजे तुमचे अंकलजी गँग चालवतात?”

“तसं नाही हो बाबा. इथं कामगारांच्या टोळीला गँग म्हणतात.”

“टोळीला गँगच म्हणतात. इथंही तेच म्हणतात.” मग म्हणाले, “आणि सरकार त्याला परवाना देतं?”

“तपासणी करून देतं.”

“आईला देतो फोन,” बाबा म्हणाले. आईनं फक्त एवढंच विचारलं, की जावईबापूंना हे माहीत आहे का.

तपासणीच्या आदल्या दिवशी अंकलजींनी रंगीत तालीम ठेवली. इन्स्पेक्टर मी झाले. नवऱ्याचा ब्लेझर घालून आले होते, बाह्या बोटांच्याही खाली येत होत्या. अंकलजींनी स्वतःच मला ब्लेझर घालायला लावला होता. तरी मी दारातून आत शिरले, तसे ते ताडकन उठून उभे राहिले. “तुमचं नाव?” मी कडक आवाजात विचारलं. ते म्हणाले, “यस मॅडम.”

दुसरी परीक्षार्थी आमच्या कामगारांतली मावशी. ती गोव्यातल्या पेडण्याची, पन्नाशीची, वडिलांच्या पोर्तुगीज काळातल्या जन्मदाखल्यामुळे पोर्तुगालचा पासपोर्ट मिळवून इंग्लंडला आलेली. घरात कोंकणी, शाळा मराठी, त्यामुळे आमचं चांगलं जमायचं. इन्स्पेक्टर एका कामगाराशी एकांतात बोलणार हे कळवलं होतं, आणि त्या दिवशी सकाळी सुट्टी असलेली ती एकटीच होती. अंकलजींच्या सांगण्यावरून मी तिच्याकडून चार उत्तरं घोटवून घेतली. हातमोजे मिळतात का? “दोन जोड्या देतात, मीडियम साइझच्या.” केसांची जाळी घालता का? “हो, रोज. कपाळापर्यंत ओढून.” मधली सुट्टी? “अर्धा तास, त्यात चहापण.” व्हॅन कोण चालवतं? “स्वतः अंकलजी. अगदी हळू, सांभाळून.”

“चुकायचं नाही हां, मावशी.”

“बाय, मी सातवीत आख्खा पाठ तोंडपाठ म्हटला होता,” मावशी म्हणाली. “चार वाक्यांचं काय घेऊन बसलीस?”

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर आले. उंच, शांत, हळू बोलणारे गृहस्थ. अंकलजींनी समोशांचं ताट पुढं केलं, तर ते म्हणाले, “माफ करा, आम्हाला काही घेता येत नाही,” आणि स्वतःच्या डब्याकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, “आधी व्हॅन बघू या.”

व्हॅन अंकलजींनी पहाटे उठून धुतली होती. बाहेरूनही आणि आतूनही. आतून म्हणजे पाइप लावून. इन्स्पेक्टर सीटबेल्ट तपासायला मधल्या सीटवर बसले आणि तसेच बसून राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच दिसलं नाही. त्यांनी बेल्ट लावला, सोडला, पुन्हा लावला, आणि खाली उतरून अत्यंत सभ्यपणे विचारलं, “सीट्स नेहमी अशाच ओल्या असतात का?”

“नो सर! स्पेशल फॉर यू, सर!” अंकलजी म्हणाले.

वर येऊन इन्स्पेक्टर खुर्चीत बसायला लागले, तेवढ्यात मी खुर्चीवर कचऱ्याची काळी पिशवी अंथरली. खुर्ची नवी होती, माझाही नाइलाज होता. त्यानंतर ते जरा हलले की कुरकुर आवाज यायचा.

मुलाखतीच्या वेळी अंकलजींना रस्त्यापलीकडे त्यांच्या गाडीत बसवलं. मला बाहेरच्या टेबलावर थांबायला सांगितलं, कुणाला आत येऊ द्यायचं नाही म्हणून. मध्ये प्लायवूडची भिंत होती. दुभाषी फोनवर होती, आवाजावरून इंग्लंडलाच जन्मलेली कोवळी मुलगी वाटत होती. आणि फोन लांबचा आहे असं समजून मावशी शेतातल्या माणसाला हाक मारावी तशी ओरडत होती. मी कान झाकले असते तरी ऐकू आलं असतं.

इन्स्पेक्टरनी विचारलं, ती कोणासाठी काम करते. दुभाषी मुलीनं मराठीत आणलं, “मावशी, तुमची काम कुणाचा आहे?”

मावशीला ओ की ठो कळलं नव्हतं. पण पहिला प्रश्न झाला हे कळलं होतं, आणि पहिलं उत्तर तिच्याकडे तयार होतं. “दोन जोड्या देतात!” ती ओरडली. “मीडियम साइझच्या!”

मुलीनं जरा अडखळत ते इंग्रजीत सांगितलं. आत पिशवी कुरकुरली.

“तुमचा पासपोर्ट दुसऱ्या कुणी ठेवली आहे काय?”

“हो, रोज! कपाळापर्यंत ओढून!”

मी उभी राहिले, मग बसले, कारण आत जायचं नाही असं बजावलं होतं.

“पगारचं पावती मिळतो का?”

“अर्धा तास! त्यात चहापण!”

मग इन्स्पेक्टरनी आवाज आणखी खाली आणून काहीतरी विचारलं आणि त्या मुलीनं ते काळजीनं, हळुवारपणे मराठीत आणलं, “मावशी, तुम्ही घाबरायची नाही. तुम्हाला इथं कुणी मारते का?”

“स्वतः अंकलजी!” मावशी विजयी आवाजात म्हणाली. “अगदी हळू, सांभाळून!”

या वेळी पिशवी कुरकुरली नाही. दार उघडून इन्स्पेक्टर बाहेर आले. पिशवी त्यांच्या पँटला मागून चिकटून आली होती, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

“मला एक सांगा,” ते म्हणाले. “या बाईंनी उत्तरांचा सराव केला आहे का?”

“हो,” मी म्हणाले. “चार उत्तरांचा. प्रश्न वेगळे होते.”

“कोणते?”

मी हातमोजे, जाळी, सुट्टी आणि व्हॅन असं सांगत गेले. व्हॅनपाशी आल्यावर त्यांनी एकदम खिडकीकडे तोंड फिरवलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. बऱ्याच वेळानं वळले तेव्हा डोळे पुसत होते. “सराव सगळेच करतात,” ते म्हणाले. “पण आता त्यांना सांगा, की परीक्षा संपली. फक्त एवढंच सांगा, बाकी काही नाही.”

मी दारातून म्हटलं, “मावशी, परीक्षा संपली.”

“किती मार्क पडले?” मावशीनं विचारलं.

मग त्यांनी फोनवरच्या मुलीला एकच प्रश्न विचारायला सांगितला. काल सकाळपासून काय काय केलंत, ते सांगा. मुलीनं तो तिच्या मराठीत विचारला, आणि मावशीला कालचा दिवस तेवढा कळला. ती जी सुटली ती सुटली. थंडगार कोथिंबिरीनं बोटं कशी बधिर होतात, मीडियमचे मोजे तिला मोठे होतात, पगाराची चिठ्ठी दर शुक्रवारी मिळते पण तिच्यावरचे आकडे किती बारीक, पासपोर्ट तिच्याच कपाटात साड्यांखाली आहे आणि तिथून कुणी काढून दाखवावाच. अंकलजी कुणाला मारत नाहीत, पण व्हॅनमध्ये एकच भांगड्याची कॅसेट जाता-येता लावतात. “सरकारला तेवढं बंद करता आलं तर बघा,” ती म्हणाली. आणि ओघात हेही सांगितलं, की व्हॅनच्या मागच्या दाराचं आतलं हँडल निघालंय, तिथं दोरी बांधली आहे. ते अंकलजींनी आम्हाला सांगितलंच नव्हतं, आणि इन्स्पेक्टर ओल्या सीटच्या नादात मागपर्यंत गेलेच नव्हते.

जाताना इन्स्पेक्टर अंकलजींना म्हणाले, “हँडल बसवा, आणि लहान हातमोजे मागवा. त्याशिवाय परवाना नाही. कॅसेट माझ्या अधिकारात येत नाही, याचं मला वाईट वाटतं.” मग त्यांनी मला पिशवी परत दिली, घडी घालून.

अंकलजींनी दुसऱ्याच दिवशी हँडल बसवलं. लहान मोजेही आले. मावशीला ते फार घट्ट होत होते, पण सरकारी अधिकाऱ्याच्या शब्दानं आलेले म्हणून ती ते हट्टानं घालायची.

पुढं परवाना मिळाला. अंकलजींना इतका आनंद झाला, की त्यांनी व्हॅनच्या दोन्ही बाजूंना मोठ्या पिवळ्या अक्षरांत ‘लायसन्स्ड’ असं रंगवून घेतलं. त्याच आठवड्यात, हाउन्सलोहून आम्हाला घेऊन येताना विमानतळाजवळच्या सिग्नलला व्हॅन थांबली, तर एक गृहस्थ दोन सुटकेसा घेऊन सरळ आत चढले आणि म्हणाले, “टर्मिनल थ्री, प्लीज. जरा घाई आहे.” अंकलजींनी आरशातून माझ्याकडे बघितलं. मी मावशीकडे. मावशी सरकून बसली. ही टॅक्सी नाही हे समजावून सांगण्यापेक्षा सोडून येणं जवळ पडणार होतं, म्हणून आम्ही सगळे टर्मिनल थ्रीला गेलो. कामाला जरा उशीर झाला, पण ते गृहस्थ उतरताना म्हणाले, की इतक्या माणसांनी निरोप द्यायला यायची त्यांच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ.